मातीतली बाटली



सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसभर भाजून निघाल्यावर संध्याकाळी घराच्या ओट्यावर पाणी शिंपून निवांत बसायचे सोडून आपण येथे आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून अर्थकारणापर्यंत नाना विषयांवर विद्वान बोलतात. त्या पंक्तीत मी आज बाटली हा विषय घेऊन उभा आहे. जाहिरात लागली त्या दिवशी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मला थांबवून विचारले, "मास्तर, बाटली भरलेली की रिकामी?" मी म्हटले, "रिकामी. शिवाय मातीने बरबटलेली." त्याचा उत्साह तिथेच मावळला. आपला मावळू नये एवढीच प्रार्थना.

विषय आहे इंग्लंडात बनलेल्या जुन्या, काचेच्या, द्राक्षमद्याच्या बाटल्यांचा आणि त्यांच्या संग्रहाचा. हा छंद विलायतेत पुष्कळांना आहे. परंतु परक्यांच्या छंदाचे कौतुक सांगायला मी आलेलो नाही. माझ्या हातून एक चूक झाली, ती आपल्यापुढे कबूल करावी आणि तशीच चूक आपल्या हातून होऊ नये अशी विनंती करावी, यासाठी आलो आहे.

हकिगत अशी. सदर बझारच्या बाजूला आमचे जुने घर आहे. काही वर्षांपूर्वी परसात पाण्याचा हौद बांधायचे ठरले. गवंड्याची माणसे खणत असता एकाची कुदळ खणकन वाजली. पाहतात तो काळ्याकुट्ट काचेच्या बाटल्या. तीन निघाल्या. एक कुदळीने फुटली, ती राबिटाच्या ढिगात गेली. दुसरी एका मजुराने मागितली, रॉकेल ठेवायला बरी म्हणून. मी आनंदाने दिली. तिसरी माझ्या डोळ्यांत भरली. ती घेतली, राखेने आणि वाळूने खसखसून घासली, चिंचेच्या पाण्याने धुतली आणि खिडकीत ठेवली. पुढे तिच्यात मनीप्लँटची वेलही लावली. कितीतरी दिवस मी त्या बाटलीकडे मोठ्या अभिमानाने पाहात असे.

एकदा माझा एक भाचा घरी आला. तो पुरातत्त्वाचा विद्यार्थी. त्याने वेल काढली, बाटली उन्हात धरली आणि विचारले, "मामा, किती खोलीवर सापडली? बाटल्या उभ्या होत्या की आडव्या? सोबत काय होते? हाडे, खापरे, कोळसा, एखादे नाणे?" मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता येईना. शेवटी मी म्हणालो, "अरे, माती होती, दुसरे काय असणार!" तो म्हणाला, "मामा, तुम्ही पत्र फेकून पाकीट जपून ठेवले आहे."

हे वाक्य मला लागले. मग त्या पाकिटावर तरी काय लिहिले आहे ते वाचावे, म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आले ते आज सांगतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. आपले गाव तीन भाषांचे. आमच्या पूर्व भागातला पद्मशाली विणकर बाटलीला तेलुगूत 'सीसा' म्हणतो, कानडी बोलणारा शेजारी 'सीसे' म्हणतो आणि आपली आजी औषधाची 'शिशी' म्हणते. तिन्ही शब्दांचे मूळ फारसी 'शीशा'. 'बाटली' हा शब्द तर युरोपियनांबरोबर आला. आपल्याकडे जुन्या काळी तेल-तूप बुधल्यात राही. बुधला चामड्याचा. पाणी मातीच्या किंवा तांब्याच्या भांड्यात, अत्तर तेवढे काचेच्या कुपीत. काच आपल्याला अपरिचित नव्हती. काचेचे मणी आणि बांगड्या या भूमीत हजारो वर्षांच्या आहेत. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी भारतीय काचेचा इतिहास लिहिला, तो १९६९ साली मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. परंतु रोजच्या वापराची, स्वस्त, जाड, धक्का सोसणारी बाटली ही वस्तू येथे बाहेरून आली, आणि तिचा जन्म एका टंचाईतून झाला आहे.

टंचाई होती लाकडाची. १६१५ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने फर्मान काढले की काचेच्या भट्टीत लाकूड जाळू नये. लाकूड आरमाराच्या जहाजांना हवे होते. भट्टीवाल्यांनी नाइलाजाने दगडी कोळसा धरला. कोळशाची धग लाकडाहून तीव्र, आणि त्या धगीत काच अधिक जाड व अधिक मजबूत होऊ लागली. वाळूतले लोह आणि कोळशाचा धूर यांमुळे ती गर्द हिरवी, जवळजवळ काळी निघे. दिसायला कुरूप, पण कामाला पक्की. शिवाय काळ्या काचेतून उजेड कमी जातो आणि उजेडाने मद्य बिघडते, तेव्हा हा कुरूपपणाच तिच्या उपयोगी पडला. सर केनेल्म डिग्बी नावाच्या एका सरदाराने अशा बाटल्या १६३० नंतरच्या काळात करविल्या, आणि १६६२ साली त्या शोधाचे श्रेय इंग्लंडात अधिकृतपणे त्याला देण्यात आले. तेव्हा राजाने बंदी घातली ती झाडे वाचविण्यासाठी, आणि तिच्यातून निघाली बाटली. सरकारी हुकमातून काय निपजेल याचा अंदाज त्या काळीही कोणाला येत नसे.

आता आकार पाहा. कारण जुन्या बाटलीचे वय तिच्या अंगलटीवरून ओळखता येते. १६५० च्या सुमाराची बाटली म्हणजे खाली गोल चेंडू आणि वर लांब मान. १६८० नंतर मान आखूड झाली, पोट पसरले आणि ती थेट आपल्या कांद्यासारखी बसकी दिसू लागली. विलायतेतले संग्राहकही तिला कांदाच म्हणतात. १७३० च्या आसपास पोटाच्या बाजू सरळ झाल्या. पुढच्या काही दशकांत ती उंच, सडपातळ आणि नळकांड्यासारखी झाली, म्हणजे आज आपण ओळखतो तशी.

हा बदल केवळ हौसेचा नव्हता. बुचाची बाटली उभी ठेवली तर बूच वाळते, आकसते, हवा आत शिरते आणि मद्य आंबते. आडवी ठेवली तर बूच भिजलेले राहते. कांद्यासारखी बाटली आडवी राहात नाही, गडगडते. नळकांडी आडवी राहते, एकीवर एक रचताही येते. मद्य वर्षानुवर्षे मुरवायचे तर बाटली निजली पाहिजे, आणि ती निजावी म्हणून तिचे पोट गेले!

पण मद्य वर्षानुवर्षे मुरविण्याची गरज इंग्रजांना का वाटली? येथे विणकरांच्या या गावाने कान द्यावा. १७०३ साली इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात मेथ्युएनचा तह झाला. तहाची कलमे अगदी थोडी. इंग्लंडचे लोकरी कापड पोर्तुगालने आपल्या बाजारात येऊ द्यावे आणि त्याबदल्यात पोर्तुगालच्या द्राक्षमद्यावर इंग्लंडने फ्रान्सच्या मद्यापेक्षा कमी जकात घ्यावी. कापड द्या, दारू घ्या, असा सौदा. या तहाने इंग्लंडात पोर्ट नावाचे जड मद्य घरोघर पोचले, आणि पोर्ट हे मुरवल्याखेरीज गोड लागत नाही. म्हणून बाटली आडवी झाली. एका बाटलीच्या आकारामागे मागाच्या धोट्याचा आवाज आहे, हे मला कळले तेव्हा ती बाटली मला एकदम आपल्या गावची वाटू लागली.

आता संग्राहक ज्यासाठी जीव टाकतात ती गोष्ट. जुन्या काळी इंग्लंडात बाटलीच्या मापाने द्राक्षमद्य विकायला मनाई होती. कारण सरळ होते. तोंडाने फुंकलेल्या दोन बाटल्या कधी एका मापाच्या होत नसत, आणि गिऱ्हाईक फसे. दुकानदाराने पिपातून मापाने द्यावे आणि गिऱ्हाइकाने आपल्या बाटल्या घेऊन जाव्यात, जसे आपण पूर्वी गोडेतेलाला घरची बरणी नेत असू. मग बाटली कोणाची हे कळावे म्हणून श्रीमंत लोक तिच्या खांद्यावर काचेचा गोळा चिकटवून त्यावर मुद्रा उठवून घेत. नाव, अक्षरे, कुलचिन्ह, कधी सालही. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ना, 'चि. सौ. कां. हिला मामाकडून', तोच प्रकार. सॅम्युएल पेपिस या लंडनच्या अधिकाऱ्याची रोजनिशी प्रसिद्ध आहे. १६६३ च्या ऑक्टोबरात आपल्या मुद्रेच्या नव्या बाटल्या भरल्या जात असताना पाहायला तो मुद्दाम गेल्याची नोंद तीत आहे. अशा मुद्रांच्या बाटल्यांवर शीला रगल्स-ब्राइझ या बाईंनी १९४९ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. आज अशा एका बाटलीला लिलावात मोठी किंमत येते, आणि किंमत येते तेथे लबाडी येतेच. साध्या जुन्या बाटलीवर मागाहून मुद्रा चिकटवून विकणारेही आहेत.

बाटलीच्या अंगावर वाचण्यासारखे आणखी काय असते? तळ पाहावा. तळ आत दबलेला असतो आणि त्या खळग्यात खडबडीत व्रण असेल तर ती हातची. फुंकनळीवरून सोडवून तोंड घडवताना कारागीर तिला तळाशी लोखंडी सळईवर धरीत असे, त्या सळईचा तो व्रण. गळा पाहावा. ओठाखाली काचेची एक कडी असते. बूच उडू नये म्हणून दोरी बांधायची, ती या कडीला अडके. मग जोडाची रेघ पाहावी. रेघ मुळीच नसेल तर मोकळी फुंकलेली किंवा साध्या एकसंध साच्यातली. रेघ खालपासून थेट ओठावरून गेली असेल तर ती यंत्राची, म्हणजे विसाव्या शतकातली. अमेरिकेतल्या ओवेन्सने स्वयंचलित बाटली-यंत्र सिद्ध केले ते १९०३ साली.

आता माझी बाटली. तिच्या खांद्याभोवती एक आडवी रेघ आहे आणि मानेवर दोन बाजूंनी दोन उभ्या रेघा आहेत, पण त्या ओठापर्यंत पोचत नाहीत. तळावर कागद धरून शिसपेन्सिल घासली तेव्हा गोलाकार अक्षरे उमटली. एच. रिकेट्स आणि कंपनी, काचकारखाना, ब्रिस्टल. ब्रिस्टलच्या हेन्री रिकेट्सने तीन भागांच्या साच्याचे एकस्व घेतले ते १८२१ साली. या साच्याने प्रथमच बाटल्या जवळजवळ एका मापाच्या होऊ लागल्या. तेव्हा माझी बाटली १८२१ च्या पूर्वीची असू शकत नाही.

ती आमच्या परसात कशी आली? तर्क फार कठीण नाही. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला. इंग्रजांची छावणी पडली. छावणीला बाजार लागतो, तो सदर बझार. फौजेबरोबर अधिकारी, अधिकाऱ्यांबरोबर त्यांच्या पेट्या आणि पेट्यांत गवतात गुंडाळलेल्या बाटल्या. १८६० च्या सुमारास आगगाडी आली, तेव्हा तर हे सामान मुंबईहून थोड्या दिवसांत पोचू लागले. रिकामी बाटली साहेबाच्या बंगल्यामागच्या खड्ड्यात गेली, एवढे निश्चित धरता येते. पण केव्हा? १८२५ साली की १८६५ साली? बाटली एकदा रिकामी झाली म्हणून तिचे आयुष्य संपत नाही. तीत कोणी तेल ठेवले असेल, कोणी काढा. तो खड्डा छावणीचा होता की आमच्यासारख्याच एखाद्या घरचा? हे बाटली सांगणार नाही. हे सोबतच्या खापरांनी, हाडांनी, एखाद्या झिजलेल्या ढब्बू पैशाने सांगितले असते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया प्रांतात आयव्हर नोएल ह्यूम या संशोधकाने जुन्या घरांमागचे उकिरडे खणून, बाटल्यांच्या तुकड्यांचा आकारवार क्रम लावून १९६१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या आधारे आज उत्खननातल्या थराचे साल ठरविता येते. त्याला साबूत बाटलीपेक्षा फुटकीचाच उपयोग अधिक झाला, कारण फुटकी बाटली कोणी पुन्हा वापरीत नाही, ती लगेच टाकली जाते. आणि मी फुटकी राबिटात घातली, साबूत मजुराला दिली आणि उरलेली घासून चकचकीत केली!

घासण्याचेही सांगतो. मातीत पडलेल्या काचेवर इंद्रधनुष्यासारखे रंगीत पापुद्रे येतात. ती घाण नव्हे. मातीतल्या ओलाव्याने काचेचा वरचा थर झिजून ते झालेले असतात. ते काढणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या रंध्याने काढण्यासारखे आहे. ते मी काढले.

कोणी म्हणेल, अशा बाटल्या आपल्याकडे फार सापडत का नाहीत? विलायतेत तर नदीच्या चिखलातही सापडतात. याचे उत्तर आपल्या काटकसरीत आहे. आपण बाटली टाकीतच नाही. तेल संपले की फिनेल, फिनेल संपले की रॉकेल. फुटली तर तुकडे कुंपणाच्या भिंतीवर चोरासाठी, त्याहून बारीक झाले तर कुटून पतंगाच्या मांजाला. उरले ते भंगारवाल्याकडून पुन्हा भट्टीत. फिरोझाबादेस परदेशी काचेचे भंगार वितळवून बांगड्या होत असत. एखाद्या कलेक्टरसाहेबाने रिकामी केलेली बाटली कोणा सासुरवाशिणीच्या मनगटात किणकिणली नसेल असे कोणी सांगावे? गोटीच्या सोड्याची बाटली घ्या. हायरम कॉड या इंग्रजाने ती १८७२ च्या सुमारास काढली. तिच्या मायदेशात ती केव्हाच मागे पडली, पण आपल्याकडे जत्रेत तिचा फस्स आवाज पुढे कितीतरी वर्षे चालू राहिला. आणि आतल्या गोटीसाठी ती बाटली आपण फोडली नाही असे छातीवर हात ठेवून सांगणारा या सभेत विरळाच असेल.

काच आपल्याला केवळ बाहेरून घ्यायची नव्हती, करायचीही होती, हेही येथे स्मरले पाहिजे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावास काचकारखाना निघाला, आणि तेथे शिकलेली माणसे पुढे ठिकठिकाणी काच करू लागली. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला, त्याच्याभोवती ओगलेवाडी वसली, आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांत लागला. रात्री त्या कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेली पिढी आमच्या डोळ्यांदेखत होती. आज त्या कंदिलाची मूळ काच आपल्यापैकी कितीजणांच्या माळ्यावर आहे? बघा, आणि असली तर पुसून नीट ठेवा.

आता एक आक्षेप. तो मला तोंडावर विचारण्यात आला आहे, आणि तो खोटा नाही. एका वृद्ध गृहस्थांनी मला म्हटले, "ज्या गावाने १९३० साली शिंदीची झाडे तोडली, ज्या गावाने चार मुले फासावर दिली, त्या गावात तुम्ही इंग्रजांच्या दारूच्या बाटल्या पूजायला निघालात?"

मी त्या वेळी गप्प बसलो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांची नावे ज्या गावात चौकाला आहेत, तेथे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. मे १९३० मध्ये रूपाभवानीच्या बाजूला शिंदीच्या झाडांवर कुऱ्हाडी पडल्या, गोळीबार झाला, पुढे लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. ते झाड म्हणजे सरकारच्या उत्पन्नाचे साधन होते, म्हणून त्यावर कुऱ्हाड पडली. मद्यावरचा कर हा त्या राज्याच्या खजिन्याचा एक खांब होता. मग ती बाटली कोणती? ती त्याच राज्याचा कागद आहे. पूजेची वस्तू नव्हे, पुराव्याची वस्तू आहे. आपण किल्ला पाडून टाकीत नाही, शत्रूची तोफ वितळवीत नाही. ती ठेवतो आणि मुलांना दाखवतो की हे असे होते. पुजायची असेल तर बाटली पुजू नये, आणि विसरायची असेल तर तीही विसरू नये. त्या गृहस्थांना हे उत्तर मी तेव्हा देऊ शकलो नाही. आज ते हयात नाहीत. म्हणून येथे देतो.

आणि परदेशी मद्य या भागात इंग्रजांनीच प्रथम आणले असेही नाही. आपल्या शेजारचे तेर घ्या. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या ग्रंथात तेरचे नाव 'तगर' असे आले आहे. तगराहून गाड्यांनी कापड भडोचला जाते, असे तो लिहितो, आणि भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात पहिले नाव घेतो ते मद्याचे, त्यातही इटलीच्या मद्याला पसंती, असे सांगतो. ते मद्य मातीच्या उंच कुंभांतून येई. नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकलियांनी उत्खनन केले, तेथे अशा रोमन कुंभांची खापरे मिळाली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही सौदा तोच. कापड जाते, दारू येते. बाटलीच्या जागी कुंभ होता, इतकाच फरक.

या तेरच्या पांढरीत पावसाळ्यानंतर मणी, मृण्मूर्ती आणि नाणी उघडी पडत. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या एका व्यापाऱ्याने ती वेचली, पोरासोरांकडून आणि शेतकऱ्यांकडून मिळवली, आयुष्यभर जपली. ते कोणी विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. त्यांच्या संग्रहातून तेरचे शासकीय संग्रहालय उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव आहे. तिकडे पुण्यात दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी अडकित्ते, दिवे, दौती, दारे, खेळणी असा घरगुती वस्तूंचा डोंगर जमवला. अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहालयाला दिले आणि १९७५ साली ते सगळे महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवले. या दोघांना लोकांनी वेडे म्हटले असेलच. पण त्यांचे वेड आणि माझी हौस यांत फरक आहे. मी वस्तू खिडकीत ठेवली. त्यांनी ती सर्वांसाठी ठेवली.

आपणापैकी कोणाला, विशेषतः तरुण मंडळींना, असा छंद जडला तर अनुभवाने पोळलेल्या माणसाच्या चार सूचना आहेत.

पहिली. वस्तू सापडली की आधी हात आवरा. जागेचे छायाचित्र घ्या. आता तर प्रत्येकाच्या खिशात ते यंत्र आहे. खोली मोजा, सोबत काय आहे ते लिहा, मग उचला. फुटके तुकडेही उचला.

दुसरी. घासू नका. साध्या पाण्याने मऊ फडक्याने पुसा आणि सावलीत वाळू द्या.

तिसरी. छंदासाठी दुसऱ्याची जमीन किंवा जुनी वास्तू खणू नका. किल्ल्याच्या आवारात तर नाहीच नाही. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर सरकारला देण्याविषयी १८७८ चा कायदा आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने निर्बंध आहेत. शंका असेल तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

चौथी. बाजारातून घ्यायची झाली, मुंबईच्या चोरबाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून, तर गोष्ट विकत घेऊ नका, वस्तू विकत घ्या. 'ही पेशव्यांच्या वाड्यातली' असे विक्रेता म्हणाला तर हसून तळ पाहा, जोडरेघ पाहा. काच बोलते, आणि ती सहसा विक्रेत्याइतकी बोलघेवडी नसते.

आता शेवटचे. हौद बांधून झाल्यावर मी त्या मजुराचा शोध घेतला. दुसरी बाटली त्याच्याकडे असेल, तिचा तळ पाहावा, दोन्ही एकाच कारखान्याच्या निघाल्या तर थोडे तरी हाती लागेल, अशी आशा होती. गवंड्याने सांगितले की तो काम संपल्यावर गावी परत गेला. कोणत्या गावी, ते त्याला ठाऊक नव्हते. त्या माणसाचे नावही मी कधी विचारले नव्हते. बाटलीच्या तळावर दोनशे वर्षांपूर्वीच्या ब्रिस्टलच्या कारखानदाराचे नाव मी शिसपेन्सिल घासून वाचले, आणि माझ्या अंगणात घाम गाळून ती बाटली वर काढणाऱ्याचे नाव माझ्या वहीत नाही. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा ती मोठी आहे असे मला वाटते.

म्हणून ती बाटली मी आता आमच्या शाळेला देणार आहे. तिच्या शेजारी एक चिठ्ठी असेल. तीवर तिचा कारखाना, ती सापडल्याची जागा, आणि 'खोली नोंदलेली नाही, सोबतच्या वस्तू नोंदलेल्या नाहीत, काढणाऱ्याचे नाव नोंदलेले नाही' हे तिन्ही दोष स्पष्ट लिहिलेले असतील. मुलांनी ते वाचावे. आणि उद्या आपल्यापैकी कोणाच्या परसात कुदळ खणकन वाजली, तर आपण चिठ्ठीतल्या त्या तिन्ही जागा भरून काढाल, अशी आशा करतो.

पानवाला मित्रही मागच्या रांगेत बसलेला दिसतो आहे, आणि अजून उठून गेलेला नाही.